कागदाला आकडे नसतात

टिंब्याला लाल आणि हिरवा यांतला फरक कळत नाही, हे जगात दोनच माणसांना माहीत होतं. एक तो स्वतः, दुसरी त्याची ताई. आईबाबांना इतकंच वाटायचं की पोरगं जरा वेंधळं आहे, वेगवेगळ्या रंगांचे मोजे घालून फिरतं.

आणि हाच टिंब्या घरी बसून ग्रीटिंग कार्डं बनवायचा. फोटो घ्यायचा, कॉम्प्युटरवर उघडायचा, कापायचा, उजळायचा, मागचा पसारा पुसायचा, वर दोन ओळी लिहायचा आणि घरच्याच प्रिंटरवर जाड कागदावर छापायचा. शिकवलं कुणी नव्हतं. बटणं दाबून दाबून आलेलं. एकदा एक बटण दाबलं आणि मावशीचं डोकं मामांच्या खांद्यावर गेलं, तेव्हा लेयर म्हणजे फोटोवर फोटोचे ठेवलेले थर, हे कळलं.

टिंब्या हे काही खरं नाव नव्हे. जन्मला तेव्हा एवढासा होता, म्हणून ताईनं ठेवलेलं. ते चिकटलं ते चिकटलंच. आता सव्विसावं लागलं, दाढी आली, तरी टिंब्याच.

तर रंग. लहानपणी ताईनं त्याला रंग शिकवले ते असे: "लाल म्हणजे गरम पाण्यात पाय घातल्या घातल्या जे होतं ना, ते. हिरवा म्हणजे तेच पाय बाहेर काढून गार फरशीवर ठेवले की जे होतं, ते." जांभळा म्हणजे मोठी माणसं शेजारच्या खोलीत हळू आवाजात बोलतायत. पोपटी म्हणजे सगळे हसतायत आणि आपल्याला विनोद कळलेला नाही. गुलाबी म्हणजे ताप उतरल्यानंतरचा पहिला दिवस.

टिंब्याला हे सगळं पाठ होतं. कुणी म्हणालं की गुलाबी फुलं आणलीत, तर फुलांकडे बघून त्याला खिडकीजवळची गादी आठवायची, हलकं डोकं आठवायचं, ओठांवर पाण्याची चव यायची. डोळ्यांना काही वेगळं दिसायचं नाही. पण दिसणं म्हणजे काय फक्त डोळ्यांचं काम आहे का?

कॉम्प्युटर आल्यावर मात्र त्याला खरी चावी सापडली. त्या सॉफ्टवेअरमध्ये एक ड्रॉपर असतो. त्याचं टोक फोटोवर कुठंही टेकवलं की खाली तीन आकडे उमटतात. लाल किती, हिरवा किती, निळा किती. गालावर टेकवलं की दोनशे बारा, एकशे सदुसष्ट, एकशे बेचाळीस. लाल पुढं, हिरवा मधे, निळा मागं, शाळेतून घरी येणाऱ्या तीन भावंडांसारखे. हा क्रम असला की माणूस ठणठणीत. मधला पुढं गेला की माणूस आजारी. टिंब्या तासन् तास स्क्रीनसमोर बसायचा. दुपारचं ऊन पडद्यातून गाळून खोलीत यायचं आणि स्क्रीन तळ्यासारखी वाटायची. तो हळूच काठी बुडवायचा आणि तळाशी काय आहे ते मोजायचा.

शेवटचा शब्द मात्र ताईचा. छापलेलं पहिलं कार्ड ताईच्या हातात जायचं. ती खिडकीपाशी उजेडात धरायची, मान तिरकी करायची आणि म्हणायची, "ठीक आहे." किंवा म्हणायची, "हा काय कावीळ झालेला नवरदेव काढलायस?" मग तो आकडे बदलायचा.

आईबाबा थोरल्या भावाकडे राहायला गेल्यापासून घरात ही दोघंच.

आणि आता ताईला नोकरी आली होती. ती फिजिओथेरपिस्ट, लोकांचे आखडलेले गुडघे आणि खांदे पूर्ववत करायची. दोन दिवसांच्या प्रवासावर, समुद्राकाठी एक मोठं हॉस्पिटल होतं. तिथं तिला स्वतःचा विभाग मिळणार होता. किती वर्षं ती याच्या मागं होती! पत्र येऊन आठवडा झाला होता. शुक्रवारपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. आणि ताई कळवत नव्हती.

"कळव की," टिंब्या रोज म्हणायचा.

"कळवते."

"कधी?"

"अरे, घोड्यावर बसून आलायस का? बघू."

मग एकदा भांडी विसळता विसळता, पाठ करूनच म्हणाली, "मी गेले तर तुला रंग कोण सांगणार रे?" म्हणाली हसतच. पण ताटली दोनदा विसळली तिनं.

टिंब्याच्या ध्यानात आलं. म्हणजे माझ्यापायी अडलंय तर! त्यानं मनाशी पक्कं केलं. एक काम, एकच काम, पहिल्यापासून शेवटपर्यंत तिला न विचारता करून दाखवायचं. मग ती निवांत जाईल.

काम हाताशी होतंच. समोर, गल्लीच्या पलीकडच्या घरात, घड्याळं दुरुस्त करणारे काका आणि त्यांची बायको, म्हणजे काकू, राहायचे. गल्ली इतकी अरुंद की काकूंच्या घरी पातेल्यावर झाकण ठेवलं की इकडं ऐकू यायचं. रविवारी त्यांच्या लग्नाला पन्नास वर्षं होत होती. येणाऱ्या प्रत्येकाच्या हातात एकेक कार्ड द्यायचं, असं काकूंच्या मनात होतं. चाळीस कार्डं. पुढं दोघांचा बाकावर बसलेला फोटो, आत चार ओळी.

"फोटोत यांचं पोट दिसतंय तेवढं कमी कर," काकूंनी सांगितलं होतं.

"आणि हिचं बोलणं," काका म्हणाले.

"ते फोटोत नाही दिसत."

"मला दिसतं."

सोमवारी टिंब्यानं ताईला बजावलं. "या खेपेला तू बघायचं नाहीस. छापून होईपर्यंत माझ्या खोलीत पाऊल नाही."

ताई त्याच्याकडे बघत राहिली. "बरं," म्हणाली.

दोन दिवस टिंब्या त्या फोटोत राहायलाच गेला. काकूंच्या कपाळावर ड्रॉपर टेकव, काकांच्या नाकावर टेकव. सावलीतला गाल वेगळा, उन्हातला वेगळा. प्रत्येक ठिकाणी तिन्ही भावंडं बरोबर क्रमानं. मागची पानं हिरवी आहेत हे आकड्यांनी सांगितलं. काकूंचा स्वेटर राखाडी निळा, काकांचा कोट काळा, तिथं काही भीतीच नव्हती. बाकामागच्या भिंतीवर एक ओरखडा होता तो पुसला. पोट थोडं कमी केलं, फार नाही, काका ओळखू यायला हवेत. मधेच त्याला डुलकी लागली, आणि डुलकीत तो स्वतःच त्या बाकावर बसला होता, दोघांच्या मधे, आणि काका त्याच्या मनगटाला कान लावून ऐकत होते. "बरोबर चालतंय," ते म्हणाले.

बुधवारी दुपारी छपाई. प्रिंटर तीन आठवडे बंदच होता. सुरू केला तेव्हा घसा खाकरल्यासारखा बराच वेळ घरघरला. मग कागद ओढून घेतला. टिंब्या शेजारी गुडघ्यांवर बसून बघत होता. कागद हळूहळू बाहेर येतो ते त्याला फार आवडायचं. आधी आकाश येतं, मग केस, मग डोळे. कुणीतरी झोपेतून उठून पांघरूण खाली सरकवतंय, तसं.

पहिलं कार्ड आलं. सुंदर! थोडं उजळ आलं होतं, तेवढंच. त्यानं खिडकीपाशी धरलं, ताईसारखी मान तिरकी केली आणि मोठ्यानं म्हणाला, "ठीक आहे." खोलीत दुसरं कुणी नव्हतं. त्याचं त्यालाच हसू आलं.

मग चाळीसच्या चाळीस छापली. बोथट सुरीच्या पाठीनं घडीची रेघ ओढली, म्हणजे जाड कागद मोडताना फुटत नाही. आणि वाळायला ठेवली, टेबलावर, पलंगावर, खिडकीच्या कठड्यावर, चपलांच्या कपाटावर. जागा संपली तेव्हा बाहेरच्या खोलीतल्या पंख्याखाली दोरी बांधून उरलेली तिला चिमटे लावून टांगली. वाऱ्यानं ती हलायची, आणि दोरीवरचे सगळे काका सगळ्या काकूंना काहीतरी कानात सांगतायत असं वाटायचं.

संध्याकाळी ताई आली. दार उघडलं, आत एक पाऊल टाकलं आणि तिथंच थांबली. एक हात अजून दाराच्या कडीवर.

"आता बघितलंस तर चालेल," टिंब्या छाती फुगवून म्हणाला. "झाली सगळी. कशी आहेत?"

ताईनं दोरीवरून नजर फिरवली, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मग पलंगावरून.

"छान वाळलीयत," ती म्हणाली आणि पाय धुवायला गेली. बराच वेळ नळ चालू होता.

गुरुवारी सकाळी, चहाचा कप हातात धरून, अगदी सहज बोलल्यासारखं ती म्हणाली, "मी कळवलं रे काल. हो म्हणून."

टिंब्यानं खुर्चीवरून उडीच मारली. "खरंच?"

"खरंच."

"बघ! बघ, म्हटलं होतं ना!" त्यानं तिला दोन्ही खांद्यांना धरून गदगदा हलवलं, चहा सांडला, ती ओरडली. पण तिचे डोळे काही ओरडत नव्हते. आनंदात हे त्याच्या लक्षात आलं नाही.

दुपारी तो खोक्यात कार्डं घालून गल्ली ओलांडून गेला. जमीन पायांना लागत नव्हती. काकांच्या खोलीत भिंतभर घड्याळं, प्रत्येकाची वेळ वेगळी, दुरुस्त व्हायच्या रांगेत बसलेली. काका डोळ्याला भिंग लावून काहीतरी उघडून बसले होते. काकूंनी हात पुसून खोकं उघडलं.

आणि गप्प बसल्या.

काकू गप्प बसल्या म्हणजे काहीतरी गंभीर आहे, हे कळून काकांनी भिंग काढलं.

"अरे," काकू हळूच म्हणाल्या, "फोटो काढला त्या दिवशी आम्ही आजारी होतो का रे?"

काकांनी कार्ड घेतलं. जवळ धरलं, लांब धरलं. "हा कोण? मी? मला तर कोबीच्या गड्ड्याला कोट घातल्यासारखं दिसतंय."

"गप्प बसा हो."

"तू पण कोबीच आहेस. जोडी शोभते."

टिंब्याच्या कानांत सगळी घड्याळं एकदम वाजायला लागली. "ती… ती स्टाईल आहे," तो म्हणाला. "आजकाल असंच… थोडं…"

"हिरवं?" काकूंनी विचारलं.

हिरवं. गार फरशीवर ठेवलेले पाय. तो कार्डाकडे बघत राहिला. त्याला तेच दिसत होतं जे काल दिसलं होतं. दोन छान म्हातारी माणसं, जरा उजळ. आकडे बरोबर होते, एक लाख टक्के बरोबर होते. पण ते आकडे कॉम्प्युटरच्या आत होते. कागदावर ड्रॉपर टेकवता येत नाही. कागदाला आकडे नसतात.

आणि मग त्यानं आयुष्यात पहिल्यांदा, ताई सोडून दुसऱ्या माणसासमोर, ते सांगितलं. उभ्या उभ्या, एका दमात. "मला नाही दिसत काकू. लाल, हिरवं, मला वेगळं दिसतच नाही. कधीच दिसलं नाही. आजवर ताई बघून द्यायची. या वेळी मी एकट्यानं केलं. मला माफ करा."

आता हसतील, असं त्याला वाटलं. किंवा त्याहून वाईट म्हणजे हळहळतील.

काका भिंग पुसत म्हणाले, "त्यात काय! मला डाव्या कानानं ऐकू येत नाही. लग्नाआधीपासून. हिला सांगितलं नाही अजून."

"मला लग्नाच्या दुसऱ्या दिवशी कळलंय ते," काकू म्हणाल्या. "म्हणून तर मी सगळ्या शिव्या डावीकडून देते."

काका तोंड उघडं टाकून तिच्याकडे बघत राहिले. "पन्नास वर्षं?"

"पन्नास वर्षं. तुमच्या मनाला शांतता, माझ्या मनाला शांतता." मग त्या टिंब्याकडे वळल्या. "रविवारच्या आधी अजून दोन दिवस आहेत. होईल का दुसरी?"

"होईल," टिंब्या म्हणाला. कशी, ते माहीत नव्हतं.

घरी आला आणि प्रिंटरसमोर मांडी घालून बसला. फाइल बरोबर, कागद चूक. म्हणजे गडबड मधल्या वाटेवर. त्यानं प्रिंटरच्या मेनूत शोधाशोध केली आणि आजवर कधी न उघडलेल्या ठिकाणी एक पान छापायची सोय सापडली, शाई नीट येते की नाही ते तपासायची. छापलं. कागदावर बारीक रेघांचे चार जिने यायला हवे होते, चार शायांचे: काळी, निळी, पिवळी आणि शेवटी गुलाबी. आले तीन. चौथ्याच्या जागी कोरा कागद.

टिंब्या हसायलाच लागला. एकटाच, फरशीवर बसून. तीन आहेत आणि एक नाही, हे कळायला रंग दिसायला लागत नाहीत! गुलाबी शाईचं तोंड वाळून बंद झालं होतं, तीन आठवड्यांत. गुलाबी गेली तर चेहऱ्यावर उरणार काय, पिवळा आणि थोडा निळा. म्हणजे कोबी.

साफ करायचं बटण दाबलं. पुन्हा पान छापलं. चौथ्या जिन्याच्या दोनच पायऱ्या उगवल्या. पुन्हा साफ. पाच पायऱ्या. प्रत्येक वेळी मधे थांबावं लागत होतं. ऊन फरशीवरून भिंतीवर चढलं. तापातून उठणाऱ्या माणसाच्या उशाशी बसावं तसा तो प्रिंटरच्या उशाशी बसून होता. सहाव्या खेपेला अख्खा जिना आला, सगळ्या पायऱ्या. त्यानं त्यावरून बोट फिरवलं. शाई ओली होती.

ताई आली तेव्हा फरशीभर जिने पसरले होते.

"काय रे हे?"

"गुलाबी बंद पडली होती. काकाकाकू कोबी झाले." त्यानं मान वर केली. आणि तेव्हा, तिच्या चेहऱ्याकडे बघताना, काल संध्याकाळचा तिचा कडीवरचा हात त्याला दिसला. "तुला दिसलं होतं."

ताईनं पर्स खाली ठेवली.

"काल. दारातच. दिसलं होतं ना?"

"दिसलं होतं."

"आणि तू म्हणालीस, छान वाळलीयत."

"वाळली होतीच छान."

"ताई!"

ती त्याच्यासमोर फरशीवर बसली, जिन्यांच्या मधे. "मग काय करू, सांग. नोकरीला हो कळवून निघाले होते काल दुपारी. डोक्यात तेच घेऊन घरी आले. दार उघडलं आणि बघते तर सगळीकडे हिरवी माणसं. ओठापर्यंत आलं होतं रे. पण तेव्हा तोंड उघडलं असतं, तर जन्मभर उघडतच राहिले असते. गेलेच नसते मी."

टिंब्याला राग असा भरून आला होता की कानशिलं तापली. तिनं त्याला पडू दिलं होतं. खोकं घेऊन समोरच्या घरात जाऊ दिलं होतं, मुद्दाम.

"चाळीस हिरवी माणसं तू घराबाहेर जाऊ दिलीस," तो शेवटी म्हणाला.

"ऐंशी. प्रत्येक कार्डावर दोघं होती."

त्याला हसायचं नव्हतं. पण हसू नाकातून निसटलं, आणि मग तिचंही. दोघं जिन्यांत बसून डोळे पुसत हसली. थांबल्यावर ताई हळू आवाजात म्हणाली, "उद्यापर्यंत मुदत आहे. नाही म्हणून कळवता येतं अजून. तू सांग."

हेच तर होतं. आता एक शब्द, आणि ती राहिली असती. टिंब्यानं तिच्याकडे नीट पाहिलं. ती कुठल्या रंगाची दिसते, हे त्याला कधीच कळणार नव्हतं. चेहरा मात्र पाठ होता.

"नको," तो म्हणाला. "काकूंना सांगितलंय मी. डोळ्यांचं."

ताईच्या भुवया वर गेल्या. "तू? सांगितलंस?"

"हो. जग बुडालं नाही. काकांनी उलट कान दाखवला."

शनिवारी सकाळी नऊ वाजता टिंब्यानं आधी चार जिने छापले, मोजले, मग पहिलं कार्ड छापलं. खिडकी सताड उघडली आणि कार्ड दोन्ही हातांनी बाहेर धरलं. समोरच्या खिडकीत काकू पदर खोचून उभ्या होत्या. ठरलंच होतं तसं.

मागं ताई कपड्यांच्या घड्या घालून बॅगेत भरत होती. दोन पावलं पुढं आली असती तर कार्ड तिला दिसलं असतं. तिनं मान वळवून बॅगेकडेच ठेवली आणि एकाच चादरीची तिसऱ्यांदा घडी घातली.

"जरा उजवीकडं धर!" काकू ओरडल्या. "ऊन चमकतंय!"

टिंब्यानं उजवीकडं धरलं.

काकूंनी डोळे बारीक केले. गल्लीतून जाणारा पोस्टमन सायकलवरून उतरून वर बघायला लागला. काकू बराच वेळ बघत होत्या. टिंब्याचे हात दुखायला लागले. किती वेळ धरलंय, याचं त्याला भान उरलं नाही. कागदाच्या पलीकडून ऊन येत होतं आणि बोटांना कोमट लागत होतं.

"माणसं झाली का?" त्यानं विचारलं.

"झाली!" काकू म्हणाल्या. "आम्हीच आहोत! यांचं नाकसुद्धा लाल आलंय, आहे तस्संच!"

आतून काकांचा आवाज आला, काय म्हणाले ते कळलं नाही.

"पण अरे ऐक," काकू खिडकीतून अर्ध्या बाहेर वाकल्या, "पोट अजून थोडं आत घे की! आणि माझ्या केसांत तो पांढरा पट्टा आलाय इकडं, तो काढता येतो का तुझ्या त्या मशीनवर?"

"तो खराच आहे काकू!"

"खरा आहे ते मला माहीत आहे. काढता येतो का ते सांग!"

मागं बॅगेची चेन लागल्याचा आवाज झाला. टिंब्यानं मागं वळून पाहिलं नाही. कार्ड तसंच धरून तो काकूंशी घासाघीस करत राहिला, पट्टा ठेवायचा की काढायचा, ठेवला तर किती ठेवायचा.